मार्लिसचा हुंकार

व्हर्ना लुंडीनला ते काम मिळालं तिच्या आवाजामुळे. नेब्रास्कातल्या एका शेतावर वाढलेली पोर, पाच भावंडांतली थोरली. गोठ्याच्या या टोकाहून त्या टोकाला हाक पोचवायची लहानपणापासूनची सवय. विद्यापीठात मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा डॉ. ऑर्विल स्टेंगर यांनी तिला मुलाखतीला बोलावलं, खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, “‘नाही’ म्हणून दाखव.”

“नाही,” व्हर्ना म्हणाली.

“हे काय? पाहुण्यांकडे आणखी कॉफी नको म्हणतेयस होय? तुमचं डुक्कर भाजीच्या वाफ्यात शिरलंय असं समज.”

व्हर्नाने असा आवाज लावला की शेजारच्या खोलीतली टाइपरायटरची टकटक थांबली. स्टेंगर खूश झाले. “सोमवारपासून ये,” म्हणाले.

ते १९७० साल. स्टेंगरांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या तळघरात होती. तीन खोल्या, आणि मधल्या भिंतीत एक मोठी काच. मुलांच्या बाजूने ती आरसा दिसायची, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र आतलं सगळं दिसायचं. तिथे आईवडील बसत, कॅमेरा चाले, आणि हातातलं मोजणीयंत्र टिकटिकवत विद्यार्थी मोजदाद करीत. मूल किती वेळा ओरडलं, किती वेळा हात झटकले, किती वेळा डोळ्याला डोळा दिला. चांगल्या गोष्टीला बक्षीस, वाईट गोष्टीला जरब, आणि उरलेल्याकडे पाठ. या तिन्हींतून कुठलंही मूल शिकतं, यावर स्टेंगरांची श्रद्धा होती.

मार्लिस कुबिक आली तेव्हा पाच वर्षांची होती. गव्हाच्या काडासारखे केस, हाडकुळी. डाव्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा घट्टा, तो तिने स्वतः चावून चावून पाडलेला. बोलणं शून्य. तिची आई आयडा तिशीतली, गावातल्या चेक लोकांच्या वस्तीतली, बेकरीत पहाटे काम करायची. वडील लॅड धान्याच्या कोठारावर. ओमाहाच्या एका मोठ्या डॉक्टरांनी आयडाला सांगितलं होतं की आईच्या मनात माया नाही म्हणून असं मूल मिटून जातं. हे वाक्य तिने तीन वर्षं पोटात वागवलं होतं.

स्टेंगरांनी पहिल्याच भेटीत टेबलावर हात आपटला. “शुद्ध थोतांड! मिसेस कुबिक, यात तुमचा काडीइतका दोष नाही. तिला शिकवायचं कसं, ते कुणाला कळलं नाही, एवढंच.”

आयडा रडली नाही. पण त्या दिवसापासून स्टेंगरांनी तिला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी तिने आधी कोणती विहीर एवढंच विचारलं असतं.

मार्लिस व्हर्नाच्या वाट्याला आली. दोन लाकडी खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा समोरासमोर. व्हर्नाच्या ॲप्रनच्या खिशात मक्याच्या गोड लाह्या. “माझ्याकडे बघ.” बघितलं की एक लाही. “हात खाली.” हात मांडीवर ठेवले की एक लाही. हाताकडे तोंड गेलं की तो गोठ्यातला “नाही!” आणि मांडीवर सणसणीत चापट. त्या काळी ते चालत असे. नुसतं चालत नसे, तशी लेखी सूचना असे. पहिल्या दिवशी व्हर्नाने चापट मारली तेव्हा घरी जाऊन तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षातही येईनासं झालं.

आणि सहाव्या आठवड्यात मार्लिसने हात चावणं सोडलं. अगदी सोडलं. लॅड कोठारावरून कामाच्या कपड्यांतच आला, लेकीचा हात आपल्या धुळीने माखलेल्या तळव्यावर घेऊन उलटा-सुलटा करून बघत राहिला. नवी गुलाबी कातडी आली होती. आयडाने दुसऱ्या दिवशी जर्दाळूच्या गोड पावांचा, कोलाचेंचा, डबाभर घाणा आणला आणि व्हर्नाच्या हातात दिला.

“तुझ्यासाठी. डॉक्टरांना नको देऊस, ते मोजून खातील,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तेव्हापासून व्हर्ना आठवड्यातून दोनदा कुबिकांच्या घरी जाऊ लागली. प्रयोगशाळेत शिकवलेलं घरी टिकावं म्हणून आईला तयार करायचं, हे तिचं काम. पण खरं सांगायचं तर तिला तिथे आवडायचं. आयडा तिला जेवायला बसवायची, तिच्या प्रेमप्रकरणांची चौकशी करायची, “त्या चष्मेवाल्याला सोड, तो तुला मोजत बसेल,” असं बजावायची.

पुढची पायरी स्टेंगरांनी फळ्यावर लिहिली: हुंकार.

मार्लिस एक आवाज काढायची. ओठ मिटून, घशातल्या घशात, आधी खाली मग वर. हं-ऊं. दिवसातून शेकडो वेळा. स्टेंगरांचं म्हणणं असं की तोंडात हा निरर्थक आवाज भरलेला असताना शब्दाला जागा कुठून मिळणार? तो आधी विझवला पाहिजे. ‘विझवणं’ हा त्यांचा शब्द. मारून नव्हे, तर उत्तर न देऊन. हुंकार आला की तोंड फिरवायचं. कुणीही, कधीही, एकदासुद्धा प्रतिसाद द्यायचा नाही.

आयडाला हे सांगायचं काम व्हर्नाकडे आलं. कुबिकांच्या स्वयंपाकघरात, कपभर कॉफीवर.

आयडाने ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. “हे नको.”

“का?”

“तो आवाज माझ्यासाठी असतो. मी बेकरीतून येते ना, तेव्हा जिन्यावर माझी पावलं वाजली की वर सुरू होतो. लॅडच्या पावलांना होत नाही. शेजारणीच्या होत नाही. आपण हाक मारतो ना कुणाला, तसं आहे ते.”

“मिसेस कुबिक, तो कुणासाठीच नसतो. घशात बरं वाटतं म्हणून ती करते. मी रोज ऐकते.”

“तू तिथे ऐकतेस. तिथला वेगळा असतो.”

“हाताचं तुम्ही ऐकलंत ना माझं?” व्हर्ना म्हणाली. “बरोबर निघालं ना?”

व्हर्नाने आयडाच्या हातावर हात ठेवला. “तिने तुम्हाला नावाने हाक मारावी असं नाही वाटत? तोंडाने, शब्दाने?”

या वाक्यापुढे कुठली आई टिकणार? आयडा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सांग, काय करू ते.”

विझवायला लागलं की वागणं विझण्याआधी भडकतं, हे पुस्तकात लिहिलेलं असतंच. मार्लिसचंही तसंच झालं. हुंकार वाढला, मोठा झाला, त्याला धार आली. दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी व्हर्ना स्वयंपाकघरात वही घेऊन बसली होती. आयडा मोरीपाशी बटाटे सोलत होती. मार्लिस आईच्या मागे येऊन उभी राहिली. हं-ऊं. आयडाने तोंड भिंतीकडे केलं. मार्लिस वळसा घालून त्या बाजूला गेली. हं-ऊं. आयडा दुसरीकडे वळली. मार्लिसने स्टूल ओढलं, त्यावर चढली, दोन्ही हातांनी आईचे गाल धरले आणि सगळा जोर लावून तो चेहरा आपल्याकडे फिरवू लागली. हं-ऊं. हं-ऊं.

आयडाने डोळे घट्ट मिटून घेतले होते. “व्हर्ना,” ती म्हणाली. “व्हर्ना, एकदाच.”

“नाही. आता दिलंत तर पंधरा दिवस पाण्यात जातील. बघू नका.”

आणि व्हर्नाने उठून मार्लिसची बोटं एकेक करून आईच्या गालावरून सोडवली.

अकराव्या आठवड्यात आलेखाची रेषा तळाला टेकली. शून्य. स्टेंगरांनी ती रेषा मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावली. त्याच सुमाराला मार्लिसने पहिला शब्द म्हटला. मामा. त्यांच्या भाषेत आई. लाही दिसली की मामा. ती आईला मामा म्हणे, व्हर्नाला मामा म्हणे, स्टेंगरांना म्हणे, एकदा तर खोली झाडायला आलेल्या रखवालदाराच्या हातात शेंगदाणे दिसले तर त्यालाही म्हणाली. सगळे हसले. काचेमागे बसलेली आयडाही हसली, पण जरा उशिरा.

वर्षाअखेर मार्लिसला बारा शब्द येत होते, चमच्याने जेवता येत होतं, संडास सांगता येत होती. शोधनिबंध छापून आला, त्यावर स्टेंगरांच्या खाली दुसरं नाव व्हर्नाचं. त्या जोरावर तिला ओरेगनमध्ये डॉक्टरेटला जागा मिळाली. निघताना आयडा बसथांब्यावर आली होती. पुढल्या दोन वर्षांत तिची दोन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं की अनुदान संपलं, प्रयोगशाळा बंद झाली, मार्लिसचे शब्द कमी होत चाललेत, काय करू? व्हर्नाने चार पानी उत्तर लिहिलं, तक्ता आखून. दुसरं पत्र लहान होतं. शाळा घेत नाही, लॅडची पाठ गेली आहे, राज्याच्या मतिमंदांच्या संस्थेत ठेवावं लागेल असं दिसतं. ते पत्र आलं तेव्हा व्हर्नाची परीक्षा होती. नंतर लिहू म्हणून तिने ते पुस्तकात ठेवलं, आणि मग इतका उशीर झाला की लिहायची लाज वाटू लागली.

पुढची चाळीस वर्षं व्हर्नाने चांगलं काम केलं. हेही सांगितलं पाहिजे. मुलांवर हात उचलू नये म्हणून ज्यांनी आवाज उठवला त्यांत ती होती. भर सभेत उभं राहून, मी स्वतः मारलं आहे आणि मला त्याची शरम वाटते, असं ती म्हणाली होती. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आपण आपलं मागचं फेडलं असं तिला वाटत असे. हुंकार तिच्या डोक्यातही नव्हता.

नवरा गेल्यावर ती नेब्रास्कात परतली, बहिणीजवळ राहू लागली. पंच्याहत्तरी गाठली. एका सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फोन आला. टेगन नावाची मुलगी बोलत होती, जुन्या फिल्मा संगणकावर चढवायचं काम करणारी.

“तुमचा चेहरा आहे बऱ्याच फिल्मांत. पण पेट्यांवर नीट काही लिहिलेलं नाही. कोण कोण आहे ते सांगायला याल का? कॉफी मी पाजीन. आमची कॉफी भयंकर आहे, आधीच सांगते.”

व्हर्ना गेली. तीन तासांचा रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेला मका. टेगनने कानाला लावायला हेडफोन दिले आणि पडद्यावर बावीस वर्षांची व्हर्ना आली, केस वर बांधलेली, आत्मविश्वासाने ताठ. समोर मार्लिस.

फिल्मला आवाज होता. व्हर्नाने इतक्या वर्षांत तो ऐकला नव्हता. निबंधात तर नुसते आकडे होते. मार्लिस शांत बसलेली. मग कुठेतरी दूर दार लागल्यासारखं वाजलं, दगडी जिन्यावर पावलं वाजली. टाचांची टकटक, बाईची. मार्लिसने मान आरशाकडे वळवली. हं-ऊं. चेहरा उजळला होता. पडद्यावरच्या व्हर्नाने तोंड फिरवलं.

“पुन्हा लाव,” व्हर्ना म्हणाली.

टेगनने सात फिल्मा लावल्या. पाचांत तेच. आधी पावलं, मग हुंकार. आयडा बेकरीतून सुटून काचेमागे येऊन बसायची ती वेळ.

“यांच्यासोबत वह्यापण आहेत,” टेगन म्हणाली, “हे अक्षर तुमचं का?”

अक्षर तिचंच होतं. रकाने, आकडे, तारखा. तिसऱ्या आठवड्याच्या, म्हणजे आयडाशी त्याबद्दल बोलण्याच्या बऱ्याच आधीच्या पानावर, हुंकाराच्या रकान्याशेजारी समासात, बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं: आई आल्यावर वाढतो का? वेगळं मोजावं? आणि त्यावर शाईची एक रेघ. रेघ स्टेंगरांची नव्हती. ते हिरवी शाई वापरत. रेघ निळी होती, व्हर्नाच्या पेनाची.

तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. मोजायला काय लागलं असतं? एक रकाना. दोन दिवस. मोजण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

“तुम्हाला बरं नाहीये का?” टेगनने विचारलं. “पाणी आणू?”

“या पानाची नक्कल काढून दे,” व्हर्ना म्हणाली.

आयडा कुबिक जिवंत आहे हे टेलिफोनच्या यादीवरून कळलं. पत्ता बदललेला, पण गाव तेच. दारावरची घंटा वाजवली तेव्हा आत बराच वेळ काठीची ठकठक ऐकू आली. दार उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची, वाळून चिपाड झालेली बाई जाळीआडून बघत होती.

“व्हर्ना,” ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. “चष्मेवाल्याशीच केलंस का लग्न?”

“नाही. दुसऱ्याशी.”

“चला, एक तरी ऐकलंस माझं. आत ये, माशा येतात.”

स्वयंपाकघर लहान होतं. आयडाने कॉफी ओतली, बशीत कोलाचे ठेवले. “विकतचे आहेत. माझी बोटं चालत नाहीत आता. लॅड गेला सत्त्याण्णव साली. मार्लिस बरी आहे. त्या मोठ्या संस्थेत एकोणीस वर्षं होती. त्याबद्दल मी बोलत नाही. ती बंद पडली, मग इथे गावात एका घरात ठेवलं तिला, आणखी तिघींसोबत. वृद्धाश्रमाचे टॉवेल घडी करते. काय सुंदर घड्या करते! मी दर रविवारी जाते.”

व्हर्नाने पिशवीतून कागद काढला. तो कसा सापडला, फिल्ममध्ये काय दिसलं, सगळं एका दमात सांगितलं. आयडाने भिंग शोधलं, कागद खिडकीशी धरला आणि ती एक ओळ वाचायला तिने पुष्कळ वेळ घेतला.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“शंका आली होती. मी मोजलं नाही. आणि तुम्हाला म्हटलं की तो कुणासाठीच नसतो.”

“मला मोजायची गरज नव्हती,” आयडा म्हणाली. “मला ठाऊकच होतं. आणि तरी मी तुझं ऐकलं. तुझ्यापेक्षा मला तेच जास्त लागतं. ते स्टूल होतं ना, ते मी जाळलं, लॅड ओरडत असताना.” तिने भिंग खाली ठेवलं. “नंतर मी स्वतः करून बघायची तो आवाज. संस्थेत भेटायला जायची तेव्हा. इथे आल्यावरही. ती माझ्याकडे बघते. परक्या मुलखाचं माणूस काहीतरी बोलतंय तसं बघते.”

व्हर्नाला रडू फुटलं. आयडाने तिला रडू दिलं. समजूत घातली नाही, तोडूनही टाकलं नाही.

“मी माफ करावं म्हणून आलीस का?”

“नाही,” व्हर्ना म्हणाली. मग म्हणाली, “हो. माहीत नाही.”

“ते माझ्याच्याने व्हायचं नाही. हात बरा केलास, ते मी विसरले नाही. पण तो एक हिशोब आणि हा एक, त्यांची वजाबाकी होत नाही. कॉफी घे आणखी. कॉफी भरपूर आहे.”

मार्लिसला भेटायचं व्हर्नानेच सुचवलं. आयडाने कपाळाला आठ्या घातल्या. “भेटून काय करणार?”

“बघायचंय तिला. एकदा.”

“तुला बघायचंय,” आयडा म्हणाली. “बरं. चल.”

घर नीटनेटकं होतं, पुढे दोन खुर्च्या आणि पक्ष्यांसाठी दाण्याचं भांडं. डॉर्सी नावाच्या ठेंगण्या, हसऱ्या बाईकडे देखभाल होती. मार्लिस जेवणाच्या टेबलाशी उभी होती, अठ्ठावन्न वर्षांची, पांढरे केस आखूड कापलेले. पांढऱ्या टॉवेलांचा ढीग. घडी घालायची, तळव्याने दाबायची, काठ जुळलाय का ते खाली वाकून बघायची. आयडा आली तशी तिने एक टॉवेल आईपुढे सरकवला. आयडाने तो तिच्या पद्धतीने घडी केला आणि परत दिला. मार्लिसने उलगडला, नीट केला. आयडा व्हर्नाला म्हणाली, “मला मेलीला जमतच नाही तिच्यासारखं.”

व्हर्नाने काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि नुसतं, “मार्लिस,” एवढंच निघालं. आवाज मात्र तोच होता, पंच्याहत्तरीतही न चिरकलेला.

मार्लिसच्या हातातला टॉवेल तिथेच राहिला. तिने खुर्ची ओढली, व्हर्नासमोर आणली, बसली. पाठ ताठ. दोन्ही हात मांडीवर, तळवे खाली. आणि मग मान वर करून तिने व्हर्नाच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तसेच ठेवले.

“अगं बाई!” डॉर्सीने टाळी वाजवली. “ही कुणाच्या डोळ्यांत बघत नाही हो कधी! अकरा वर्षांत माझ्याही नाही. तुम्ही काय जादू केलीत?”

आयडाने लेकीकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे.

मार्लिस वाट बघत होती. कशाची, ते व्हर्नाला कळलं, आणि आपल्या रिकाम्या हातांची तिला भीती वाटली. “ऊठ मार्लिस. झालं. जा,” ती म्हणाली, जमेल तितक्या हळू. मार्लिस हलली नाही. हे शब्द तिला कधी शिकवलेच नव्हते. आयडाने लेकीच्या पाठीवर हात ठेवला, टॉवेल तिच्या मांडीवर आणून ठेवला; तरी डोळे हलले नाहीत. अखेर व्हर्ना उठली आणि मागे न बघता बाहेर निघून गेली. तेवढंच तिच्या हातात होतं.

आयडाचा फोन दोन दिवसांनी आला. “तू गेल्यावर चाळीस मिनिटं बसून होती ती तशीच. रात्री जेवली नाही. काल हात चावलाय. टाके नाही पडले.” मग ती म्हणाली, “परत येऊ नकोस तिच्याकडे.”

“नाही येणार.”

“माझ्याकडे ये. मंगळवारी मी मोकळी असते.”

त्या हिवाळ्यात रस्ता बर्फाने बंद नसेल तेव्हा व्हर्ना दर मंगळवारी जात राहिली. बहुतेक वेळा त्या दोघी मार्लिसबद्दल बोलतच नसत. आयडा पत्ते खेळताना लबाडी करायची आणि पकडलं की वयाकडे बोट दाखवायची. व्हर्नाने त्या निबंधावर एक टिपण लिहिलं: हुंकार निरर्थक नव्हता, तो आईला मारलेली हाक होता, हे तपासण्याजोगं होतं, मी तपासलं नाही. मासिकाने ते परत पाठवलं. एवढ्या जुन्या लेखावर आम्ही काही छापत नाही, असं सौजन्याचं पत्र जोडून. मग टेगनने ते ग्रंथालयात फिल्मांच्या नोंदीला जोडलं. जो कोणी ती फिल्म काढील त्याला आधी ते वाचावं लागेल. आयडाने भिंगाखाली घालून सगळं वाचलं आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं. “इथे तू ‘आईने सहकार्य केलं’ असं लिहिलंयस. ते खोडून टाक. ‘आई नको म्हणाली होती’ असं लिही.” व्हर्नाने तसं लिहिलं.

आयडा एप्रिलमध्ये गेली, झोपेत. अंत्यविधी गावच्या चर्चमध्ये होता, दफन शेजारच्याच दफनभूमीत. व्हर्नाने गाडी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, सीडरच्या झाडांआड लावली आणि आतच बसून राहिली. मार्लिस डॉर्सीचा हात धरून आली. काळा कोट तिला मोठा होत होता. लोक प्रार्थना म्हणत होते तेव्हा ती लोकांमधून बाहेर आली, शवपेटीभोवती एक फेरी मारली, पेटीवरच्या कापडाची वर आलेली घडी तळव्याने दाबून सारखी केली, आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. वारा इतका होता की पाद्र्यांचे शब्द कुंपणापर्यंत पोचत नव्हते.

सगळे चर्चच्या तळघरात जेवायला गेले. थोड्या वेळाने एक तरुण बाई कागदी बशी घेऊन गाडीपाशी आली. लॅडच्या पुतण्याची बायको. बशीत हॅमचं सँडविच आणि बटाट्याची कोशिंबीर होती. तिने काचेवर टकटक केली.

“बाहेरच का बसलात? आत या ना, गरम आहे.”

“नको. मी निघतेच आहे.”

“मग हे तरी घ्या. आयडाकाकूंना कुणी उपाशी गेलेलं चालायचं नाही.” तिने बशी खिडकीतून आत दिली आणि वाकून विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?”

व्हर्नाने तोंड उघडलं. आजवर लोकांना सांगायला तिच्याकडे बरेच शब्द होते.

“ओळखीची,” ती म्हणाली.

ती बाई कोटाची कॉलर वर करून परत गेली. व्हर्नाने बशी शेजारच्या सीटवर ठेवली. चर्चच्या दारातून मार्लिस बाहेर येताना दिसली तेव्हा तिने मान खाली घातली, डॉर्सीची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत वर केली नाही, आणि मग घरचा रस्ता धरला.